एक काठी, एक मिशी आणि पाच जातींचे मासे

लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात आणि परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना गंगाजळ वाटत प्रवासाच्या गोष्टी सांगतात. मी थेरगावाहून निघालो आणि चाकणच्या थोडा पुढे पोचलो. सायकलीत हवा नीट भरलेली असेल तर हे अंतर अर्ध्या दिवसाचं. मला आषाढापासून दिवाळीपर्यंतचा काळ लागला. येताना गंगाजळ तर आणलं नाहीच, उलट बरोबर नेलेली वस्तूही तिकडेच राहिली. तरीही लिहितो आहे, कारण मासे धरायला म्हणून त्या वाटेने कोणी जात नाही आणि माझी चूक काढायला कोणी येणार नाही.

मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मूळचा रत्नागिरीकडचा, समुद्राच्या माशांवर वाढलेला, म्हणजे नदीच्या माशांना नाक मुरडणारा. हे नाक सरळ केलं एका साहेबाने. यंत्रं बसवायला तो कुठल्याशा थंड देशातून आला होता. सुट्टीच्या दिवशी पवनेत गुडघाभर उभा राहून तो एक लवचीक बांबूची काठी चाबकासारखी हवेत फिरवायचा. दोरीच्या टोकाला गळ, आणि गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. नुसती पिसं, अशी बांधलेली की पाण्यावर पडली की माशाला किडा वाटावा. दर मोसमाला तो वहीत पाच जातींची नावं लिहायचा आणि एकेक मिळाली की पुढे खूण करायचा. एकच जात पन्नासदा पकडण्यात त्याला गोडी नव्हती. मी त्याची पिशवी धरायचो. जाताना त्याने ती काठी, दोरी गुंडाळायचं चाक आणि वहीची ती खोड माझ्या गळ्यात घातली.

पहिल्या वर्षी मी पकडलेल्या गोष्टी अशा: स्वतःची टोपी दोनदा, बाभूळ अनेकदा, आणि डावा कान एकदा. दुसऱ्या वर्षी मात्र मीही वहीत पाच नावं लिहिली. अळकूट, कोळीस, मरळ, शिवडा आणि खडशी.

थेरगाव

थेरगावच्या घाटाजवळ लिंबाजी भोई राहतो. वय साठीच्या पुढचं, अंग वाळलेल्या शेंगेसारखं, आणि त्या अंगावर शोभणार नाही एवढी मोठी मिशी. बाप गेला तेव्हा एकदा ती उतरवली होती. त्यानंतर तिला वस्तरा लागलेला नव्हता. माशांबद्दल लिंबाजीला माहीत नाही असं काही पवनेत पोहत नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणे.

आषाढात मासे प्रवाहाच्या उलट चढतात आणि भोयांना बोलायला फुरसत नसते. तरी माझी काठी बघून लिंबाजी हातातलं जाळं बाजूला ठेवून आला.

"काय वो भाऊ, ह्ये काय लावलंय टोकाला?"

"कोंबडीचं पीस. मोराचंही आहे थोडं."

"आन मासा खानार ह्ये?"

"खाणार."

"मासा काय येडा हाय व्हय राव? पोटाला काय द्यायचं न्हाई आन नुसतं नाचवायचं! तमाशा हाय का काय?"

मला राग आला. माणसाने मला हसावं, साहेबाच्या काठीला हसू नये. मी म्हणालो, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या आत पाच जातींचे मासे नुसत्या पिसावर काढून दाखवतो. नाही जमलं तर ही काठी तुमची.

लिंबाजीच्या आधी त्याची बायको काशीबाई बोलली. ती दारात घेवड्याचं बी टोचत होती. "माज्या वेलाला चांगली व्हईल," ती म्हणाली.

"आणि जमलं तर?" मी विचारलं.

लिंबाजीने मिशीला पीळ दिला. "तर ही उतरवीन. पर परत्येक मासा म्या डोळ्यानं बघनार. सांगोवांगी चालायचं न्हाई."

त्याच संध्याकाळी, ऊन उतरता उतरता, बोटभर लांबीच्या चंदेरी अळकुटीने पाण्यावरचं पीस टिपलं. लिंबाजी वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही बारकी हाय. बारक्यांना अक्कल न्हाई." वहीत पहिली खूण झाली. काशीबाईच्या घेवड्याला अजून दोन पानं यायची होती.

पिंपळे गुरव

इथून पुढे आम्ही दोघे निघालो. साक्षीदाराशिवाय मासा मोजायचा नव्हता, म्हणून लिंबाजी माझ्या सायकलीच्या मागच्या कॅरिअरवर बसे आणि काठी दोन्ही हातांनी उभी धरे. वळणावर ती झाडात अडके आणि आम्ही तिघे, म्हणजे मी, लिंबाजी आणि सायकल, वेगवेगळ्या दिशांना पडत असू.

श्रावण लागला होता. आमच्याकडे कोकणात श्रावणात मासा बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मगच होड्या पाण्यात जातात. मी लिंबाजीला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "दर्याचं बरं हाय. त्येला नारळ दिला की भागतं. हितं नदीला कोन इचारतंय? पानी हाय तवर हात मारायचा." माझी मंडळी श्रावण पाळणारी; तेव्हा जे मिळेल ते लिंबाजीच्या चुलीवर जाणार हे ठरलेलं होतं. पैजेत हरला काय नि जिंकला काय, त्याचं पोट भरणारच होतं.

पिंपळे गुरवला मी मागे न बघता काठी फिरवली. पिसांचा गळ ज्याला लागला ते जनावर पवनेतलं नव्हतं, काठावरचं होतं: एक म्हैस, शेपटीचा गोंडा. ती पाण्यात शिरली आणि माझं चाक कर्रर्र करत फिरू लागलं. मी ओरडलो, लिंबाजी ओरडला, म्हशीचा मालक तर कोणाकोणाच्या नावाने ओरडला ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी लिंबाजीने पोहत जाऊन शेपटी सोडवली आणि परत येऊन विचारलं, "ही कंची जात म्हनायची? लिवा की वहीत."

मालकाचा राग निवायला अर्धा तास आणि माझी सगळी तंबाखू लागली. राग निवल्यावर त्याने आपण होऊन सांगितलं की पलीकडच्या खडकाखाली कोळीस बसतात. बसले होते. दुसरी खूण.

माण

भाद्रपदात माणला गेलो. इकडचा मुलूख ओला आणि हिरवा, भाताची खाचरं, बांधावर तिळाची फुलं. मला घरची आठवण आली, हे मी कबूल करतो. लिंबाजीने ते ओळखलं असावं, कारण त्या दिवशी त्याने माझ्या काठीला एकदाही नाव ठेवलं नाही.

एका तळ्याच्या कडेला, शेवाळात, मरळ होती. मरळ म्हणजे माशांतली तापट सासू. भूक असो नसो, समोर वळवळलेलं खपत नाही. मी पीस तिच्या नाकासमोरून तीनदा नेलं. तिसऱ्या वेळी तिने ते रागाने गिळलं. शेताचा धनी बघत होता. त्याने मला विचारलं, "पिसं खाती व्हय मरळ? मग आमी उगाच गळाला बेडक्या लावतोय." त्याच्या घरी आंबेमोहोराचा भात, त्यावर कुळथाचं पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा जेवलो. मरळ त्यांच्याच घरात ठेवून आलो.

परतीच्या वाटेवर लिंबाजी मागे बसून बोटांवर मोजत होता. तीन झाले होते.

मोशी

इंद्रायणीवर देहू आणि आळंदीच्या जवळपास काठी उघडायची नाही हा माझा नेम. तिथे लोक माशांना लाह्या घालतात. त्याच माशांना मी पिसं घालणं बरं दिसत नाही. म्हणून मधलं मोशी धरलं.

गावात शिरताना एक म्हातारी रस्त्यात आडवी आली. तिने कॅरिअरवरचा लिंबाजी बघितला, त्याच्या हातातली उभी काठी बघितली आणि चपला काढून हात जोडले. "कंच्या देवाची काठी म्हनायची?" या मुलखात चैत्रात देवांच्या काठ्या निघतात. लांब बांबू, त्याला फडकं, मोरपिसं, घुंगरं. गावोगावचे लोक नाचवत नेतात. आमच्या काठीच्या टोकाला मोराचं पीस लोंबत होतंच. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तोवर लिंबाजी गंभीरपणे म्हणाला, "भैरोबाची." म्हातारीने दोन्ही हातांनी आम्हाला भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

"खोटं कशाला बोललात?" मी पुढे गेल्यावर म्हणालो.

"आवो, शेंगा बघा किती भरल्यात," लिंबाजी म्हणाला.

त्या दिवशी शिवडा मिळाला. रुंद तोंडाचा, मिशाळ, हातभर लांब. त्याच्या मिशा बघून लिंबाजीचा हात आपोआप स्वतःच्या मिशीकडे गेला. चौथी खूण. थेरगावला परतल्यावर काशीबाईने सांगितलं की घेवड्याला आधार नाही, वेल जमिनीवर लोळतो आहे, आणि हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

खंडेनवमी, पिंपरी

उरली खडशी. मोठ्या खवल्यांची, सोनेरी, वाहत्या पाण्यातली राणी. लिंबाजी म्हणाला, खरी खडशी भामेत, चाकणच्या पुढे. दिवाळी तोंडावर आली होती.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रं बंद ठेवून पूजा होते. लेथला झेंडूची माळ, हातोड्याला कुंकू, पान्याला हळद. घरी आल्यावर मला वाटलं, माझं हत्यार कोणतं? स्टोअरची वही? छे. मी काठी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, चाकाला झेंडू बांधला आणि मनात म्हणालो, एवढी खडशी दे. मंडळी हसली, पण निरांजन तिनेच ओवाळलं. मग ती लाडात आल्याचं बघून मी तिच्या शालूच्या पदरातली चार बोटं जरीची तार मागितली. खडशीला चमक लागते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. आणि दुसऱ्या दिवशी काठीजवळ जरीची तार गुंडाळून ठेवलेली सापडली.

हळद बांबूत मुरली. पुसली, धुतली, गेली नाही. त्या वेळी मला वाटलं, काय बिघडलं!

भामेकाठी

एस.टी.ने चाकण, आणि तिथून कांद्याच्या रोपांनी भरलेल्या बैलगाडीत बसून आम्ही भामेकाठच्या एका गावी पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माशांना पाहुणे आवडत नाहीत.

गावाखाली भैरोबाचं देऊळ आणि देवळाखाली मोठा डोह. डोहाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला धोंडा. पायरीवर बसलेल्या गुरवबुवांनी नियम सांगितला. "धोंड्याच्या वर सरकारची नदी. काय बी करा. धोंड्याच्या खाली भैरोबाचा डोह. त्यात गेलं त्ये देवाचं. मागं पाटलाची तांब्याची घागर पडली, ती अजून देवळात हाय. पाटील रोज येऊन बघून जातो." गुरवबुवा हसत नव्हते.

आम्ही धोंड्याच्या चांगले शंभर पावलं वर गेलो. पाणी काचेसारखं. मी जरीची तार गुंडाळलेलं पीस खळाळात टाकलं. एकदा, दहादा, पन्नासदा. ऊन डोक्यावर आलं. लिंबाजी खडकावर बसून मिशीला तेल लावत होता, जरा जास्तच प्रेमाने.

आणि मग पाण्यात सोनं उलटलं. काठी कमानीसारखी वाकली, चाक किंचाळलं. लिंबाजी उडी मारून उभा राहिला आणि पैज विसरून ओरडला, "खडशी! भाऊ, खडशी हाय! ढील द्या! ढील द्या!"

मी ढील दिली. खडशीने ती सगळी घेतली. ती प्रवाहाबरोबर खाली सुटली आणि मी काठी उंच धरून मागे. ठेचकाळत, घसरत, कमरेएवढ्या पाण्यातून. शेंदूर लावलेलं काहीतरी डावीकडून गेलं असं मला अंधूक आठवतं. खडशी थांबली तेव्हा मी डोहात उभा होतो.

"थांबा!" पायरीवरून आवाज आला.

गाव गोळा व्हायला वेळ लागला नाही. खडशी डोहात, गळ खडशीत, दोरी गळाला, काठी दोरीला, आणि काठीला मी. मी म्हणालो, "दोरी कापतो. मासा देवाचा, कबूल." गुरवबुवा पाण्यात उतरले. त्यांनी दोरी हाताने हळूहळू ओढली. थकलेली खडशी शेळीसारखी त्यांच्या मांडीजवळ आली. दोन बोटांनी त्यांनी गळ काढला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला सोडून दिलं. मग त्यांनी काठी माझ्या हातातून घेतली आणि उन्हात धरली.

"ह्येला हळदकुंकू कुनी लावलं?"

"मीच. खंडेनवमीला."

"मोराचं पीस?"

"ते... माशासाठी."

गुरवबुवांनी चाक फिरवलं. कर्रर्र. आसपासच्या चारसहा जणांनी नकळत हात जोडले. "बघा मंडळी," गुरवबुवा म्हणाले, "पूजलेली काठी. पीस हाय, जर हाय, वाजती बी. आपल्या पायानं डोहात आली. आता ही देवाची न्हाई तर कुनाची?"

मला मोशीच्या म्हातारीच्या शेंगा आठवल्या. मी लिंबाजीकडे बघितलं. तो आभाळाकडे बघत होता.

आता तुम्ही म्हणाल, काठी गेली तरी पैज तर जिंकली. तसंही नव्हतं. लिंबाजीने पैजेची गोष्ट आधीच गावभर केली होती, आणि गावाने तिथल्या तिथे निवाडा सुरू केला. एक म्हणाला, मासा धरला गुरवानं, पाहुन्यानं न्हाई. दुसरा म्हणाला, हातात आला न्हाई तो मोजायचा कसा? सगळ्यांचं मत पडलं की लिंबाजीची मिशी शाबूत. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तेल गेलं, तूप गेलं म्हणतात ना, माझ्या हाती तर धुपाटणंही उरलं नव्हतं. साहेबाची काठी गेली आणि पाचवी खूणही गेली.

लिंबाजीला फक्त गप्प बसायचं होतं. तो काठाशी जाऊन शेंदराचा धोंडा बघून आला. मग घसा खाकरून म्हणाला, "धोंड्याच्या वर गिळला."

"काय?" मी विचारलं.

"म्या बघितलं. धोंड्याच्या वर शंभर पावलांवर गिळला. भोयाचा कायदा हाय, गळ लागला तितं मासा मोजायचा. म्होरं त्यो देवाकडं जाऊ दे, न्हाईतर दर्यात. पाच झालं."

मी त्याचा हात धरला. "लिंबाजी, राहू दे. मी सोडली पैज."

"तुमी सोडाल वो," तो चिडून म्हणाला, "पर म्या बघितलंय न्हवं? आता डोळं काढून ठिवू का?"

पिंपळाखाली गावचा न्हावी बसला होता. लिंबाजी त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याने डोळे मिटले. एवढा हट्टी माणूस. पण वस्तरा टेकायच्या आत त्याने मिशीवरून एकदा शेवटचा हात फिरवला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि खरं सांगतो, उघडा पडलेला तो ओठ बारीक आणि लाजरा होता, आणि त्यामुळे लिंबाजी दहा वर्षांनी लहान दिसत होता.

दुपारी गुरवबुवांनी आम्हाला घरी जेवायला नेलं. काठी नेणाऱ्या माणसाने मला मासवडी वाढली. मला वाटलं, चला, मासा तरी. निघाली ती बेसनाची. आत तीळ, खोबरं, लसूण, कापलेल्या माशाच्या तुकड्यासारखी दिसणारी, बरोबर झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. काटा नाही, खवलं नाही. मी सहा खाल्ल्या. लिंबाजी म्हणाला, "ही सहावी जात लिवा," आणि त्याच्या नव्या ओठावर रस्सा लागला तेव्हा आम्ही दोघेही हसलो, गुरवबुवासुद्धा.

परत थेरगाव

बिनमिशीचा माणूस दिसला की गाव एकच प्रश्न विचारतं. थेरगावच्या वेशीपासून घरापर्यंत अकरा जणांनी तोंड पाडून लिंबाजीला विचारलं, "कोन गेलं वो?" अकराही जणांना त्याने सांगितलं, "कुनी न्हाई. मासा गावला." काशीबाई दारात आली, नवऱ्याकडे बघून तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. रडते आहे असं मला वाटलं. आतून हसण्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. तिच्या घेवड्याला मी कारखान्यातल्या खोक्याच्या पट्ट्यांचा मांडव करून दिला.

चैत्र, पुन्हा भामेकाठी

चैत्रात भैरोबाची यात्रा होती. खोटं कशाला बोलू, मी काठी परत मागायला गेलो होतो. बरोबर लिंबाजी. मिशी पुन्हा आली होती, पण अजून कोवळी, पांढरी, अकाली पेरलेल्या बाजरीसारखी.

ढोल वाजत होते. दहाबारा उंच काठ्या नाचत होत्या, आणि त्यांच्या पुढे, सगळ्यांत बारीक, सगळ्यांत लवचीक, लाल फडकं बांधलेली माझी काठी. चाकाला घुंगरं लावली होती. गुरवबुवा मधूनच चाक फिरवायचे, कर्रर्र व्हायचं आणि बायका गुलाल उधळायच्या. पाटील रोज घागरीकडे बघतो तसाच मी बघत उभा राहिलो. मागायचे शब्द ओठावर आले आणि तिथेच बसले. इतका मान साहेबानेही तिला दिला नव्हता.

गुरवबुवांनी मला ओळखलं. गर्दीतून आले आणि काठी माझ्या हातात दिली. "धरा. पैला मान तुमचा."

डोहाच्या काठावर मी ती उचलली. मनगटाला दोन वर्षांची सवय. ते आपोआप मागे गेलं आणि पुढे आलं. काठी वाकली, लाल फडकं पाण्यावर जाऊन हलकेच टेकलं. आणि खाली, हिरव्या पाण्यात, एक सोनेरी पाठ वर आली, उलटली आणि गेली.

लिंबाजी माझ्या शेजारी उभा होता. तो डोहाकडे बघत राहिला, मग काठीकडे, मग माझ्याकडे.

"भाऊ," तो म्हणाला, "ह्यो मोजायचा का?"

आणि विचारता विचारताच त्याने तळहाताने मिशी झाकून घेतली.